शिवेच्या आतला पाय

जयराम परबाने आयुष्यभर सगळ्या जगावर संशय घेतला. एकदाच घ्यायचा राहिला, आणि नेमका तेव्हाच घ्यायला हवा होता. हे त्याची बायको सुशीला म्हणते, आणि ती काही उगाच तोंड उघडणारी बाई नव्हे.

तसा संशय हा त्याच्या पोटापाण्याचाच भाग होता. एस.टी.त सव्वीस वर्षं कंडक्टर. मालवण-कुडाळ, मालवण-कणकवली, मध्येच कधी आंबोलीची फेरी. हातात पन्नासची नोट पडली की ती खिडकीबाहेरच्या उजेडात धरून बघायची, हे ठरलेलं. पोराला मांडीवर दडपून ‘पाच पुरी होवूक नाय अजून’ म्हणणाऱ्या आईला तो पोराचे दात दाखवायला लावी. घरी आला तरी डोळ्यांतला कंडक्टर उतरत नसे. बांगडा घेताना आधी कल्ला बघायचा, मग कोळणीचं तोंड बघायचं, मग परत कल्ला. दाराला कुलूप लावलं की दहा पावलांवरून मागे येऊन ते ओढून बघायचं. कावळखोल गावात कुणी फार चौकशा करू लागला की लोक म्हणत, ‘मेल्या, तुझो जयराम झालो काय?’

अशा माणसाला देवाने मुलगी दिली ती अशी, की सगळ्या जगाने तिच्यावर संशय घ्यावा. गौरजा नऊ वर्षांची असताना पाच फूट तीन इंच होती. बापाच्याच डेपोतला कंडक्टर तिला हाफ तिकीट देईना. शेवटी जयरामने तिचा जन्मदाखला प्लास्टिकमध्ये घालून दप्तरात ठेवला, आणि त्या दिवशी रात्रीच्या जेवणात त्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही. अठराव्या वर्षी पोरगी सहा फूट दोन इंचांवर थांबली. लग्नाकार्यात बायका सुशीलेला विचारत, ‘हिका नवरो खंयसून हाडतलंस गो? माडावरसून?’

मालवणच्या कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विनीता मॅडमनी मात्र तिच्याकडे बघून एकच प्रश्न विचारला होता, ‘बास्केटबॉल खेळशील?’ त्या फुकट शिकवणार म्हटल्यावर जयरामच्या मनात पाल चुकचुकली. फुकट कित्याक? तो आठ दिवस मैदानाच्या कठड्यावर जाऊन बसला. नवव्या दिवशी मॅडमच त्याच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “परब, तुमचा संशय फिटला असेल तर जरा बॉल उचलून द्या.” त्याने उचलून दिला, पण संशय फिटला असं काही म्हणाला नाही.

मॅडमनी खटपट करून कावळखोलच्या हायस्कूलच्या मैदानात रिंग बसवून घेतली. गावातली पोरं संध्याकाळी तिथे धुडगूस घालत, पण पहाट गौरजाची. शाळा घराच्या मागल्या दारापासून हाकेच्या अंतरावर. जयराम चहा घेत बसला की तिकडून आवाज येई. धप, धप, धप. मग काहीच नाही, एक श्वास घेण्याइतका वेळ. मग रिंगेची खण्ण, किंवा नुसतीच जाळीची सळसळ. फ्री थ्रो घेण्याआधी चेंडू तीनदा आपटायचा, ही तिची खोड. दोनदा नाही, चारदा नाही. दोन वर्षांत बापाची सवय अशी झाली की तिसऱ्या धपनंतर त्याचा चहाचा घोट आपोआप थांबे आणि रिंग वाजल्यावर गळ्याखाली उतरे.

मग ते पत्र आलं. मुलींची नवी व्यावसायिक लीग सुरू होणार होती. पणजीच्या संघाला आठ नव्या मुली हव्या होत्या, दोन वर्षांचा करार, राहणं-खाणं त्यांचं. निवड चाचणी सोमवारी दुपारी दोन वाजता. जयरामने पत्र तीनदा वाचलं, शिक्का उजेडात धरला, आणि पत्रातल्या नंबरावर तीन वेगवेगळ्या फोनवरून तीन वेगवेगळ्या नावांनी चौकशी केली. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं. याचाही त्याला संशय आला.

आणि नेमक्या त्याच दिवसांत गावपळण पडली.

कावळखोलात दर चार वर्षांनी रवळनाथाला कौल लावतात आणि देवाने हुकूम दिला की अख्खा गाव शिवेबाहेर पडतो. माणसंच नव्हेत, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. तीन दिवस, तीन रात्री पलीकडच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्यांत राहायचं. गाव तेवढे दिवस देवाचा. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, आणि देव हो म्हणाला की मगच परत. तोवर शिवेच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही. ठेवला, तर गावात पुढे जे जे वाईट होईल, आंब्याचा मोहर गळण्यापासून म्हातारी मरण्यापर्यंत, ते सगळं त्या माणसाच्या माथ्यावर.

या सगळ्यात जयरामचा मान मोठा. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान परबांचा, सात पिढ्यांचा. गावाच्या वतीने देवाशी बोलणारा तो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून शिक्का मारणारा गाव. एकदा शिक्का बसला की गाऱ्हाणं मागे घेता येत नाही.

गावपळण शुक्रवारी सुरू, सोमवारी सकाळी परतीचा कौल. चाचणी सोमवारी दुपारी. रिंग शिवेच्या आत.

“बाबा,” गौरजा गुरुवारी म्हणाली, “मी तीन दिस मालवणात मॅडमकडे रवतंय. थंय कॉलेजचा ग्राउंड आसा.”

“मॅडमच्या घरात कोण कोण आसा?”

“मॅडम, तेंची आई आणि भाऊ.”

“भाऊ,” जयराम म्हणाला. एवढंच म्हणाला, पण कुणी तिकिटाविना चढलाय असं म्हणताना त्याचा जो आवाज लागे, तोच लागला.

“बाबा, तीन दिस बॉल हातात नाय घेतलंय तर हात आखडतलो माझो.”

“नाय म्हटलंय ना? मगे नाय.”

ती गप्प बसली. वाद नाही, रडणं नाही, दार आपटणं नाही. मुकाट्याने भांडी गोणीत भरू लागली. सुशीला म्हणते, संशय घ्यायचा होता तो त्या गप्प बसण्यावर. पण जयरामला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

शनिवारी दुपारी जयराम माळावर नव्हता. ‘रस्त्यार जावन येतंय’ एवढंच सांगून तो डांबरी रस्त्यापर्यंत तासभर चालत गेला होता, कारण फोनला रेंज तिथेच मिळे. पणजीच्या नंबरावर चौथ्यांदा चौकशी करायची होती. चाचणीला पालकांना आत सोडतात का, ते विचारायचं होतं. सोडतात म्हणाले. तो परत आला तेव्हा माळावर नुसता कालवा चाललेला.

“शिवेआत कोण तरी आसा!” त्याचा चुलतभाऊ गुरुप्रसाद धावत आला. “खालच्या वाडीच्या लोकांनी आयकलो आवाज. अर्धो तास. चेंडू आपटतत तसो.”

कुणी म्हणे काजूच्या कारखान्याचं कुलूप फोडतायत. कुणी म्हणे शेजारच्या गावची पोरं मुद्दाम गावपळण मोडायला आलीत, चार वर्षांमागच्या कबड्डीच्या भांडणाचा सूड. चोर हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं, शेजारचा गाव त्याहून जास्त. आत जाऊन बघायची सोय नाही. मग राहिलं काय? गाऱ्हाणं.

जयरामच्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षं विनातिकीट माणसं पकडलेला तो; देवाच्या गावात कोणी फुकट शिरलं म्हटल्यावर त्याला कुठला धीर निघायला. एरवी बांगड्याचा कल्ला दोनदा बघणाऱ्या माणसाने कुणाला एक शब्द विचारला नाही. शिवेच्या धोंड्यापुढे नारळ घेऊन उभा राहिला आणि आवाज चढवला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो सगळो गाव, ल्हानथोर, गुराढोरांसकट तुझ्या हुकमान शिवेभायर इलो आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुझो हुकूम मोडून जो कोण शिवेआत शिरलो आसात, तो गावचो आसो नायतर भायलो, बापयो आसो नायतर बायल...”

“व्हय म्हाराजा!”

“तेचो जो पाय पयलो शिवेआत पडलो, तो पाय तेका उभो रवाक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इतक्या जोरात ‘व्हय’ गावाने कधी म्हटलं नव्हतं. नारळ एका घावात फुटला. जयराम घाम पुसत, मनातून खूश होत आपल्या झोपडीकडे निघाला.

वाटेत जानकीकाकी बसली होती. शेजारच्या घरातली, पंचाहत्तरीची, कानाने अजून खणखणीत. लेकीला भेटायला ती सकाळपासून खालच्या वाडीच्या झोपड्यांत होती. तिने काठीने त्याला थांबवलं.

“मीय आयकलो तो आवाज,” ती हळूच म्हणाली, आणि काठी जमिनीवर आपटली. टक, टक, टक. थांबली. मग काठी बाजूच्या पत्र्याच्या डब्यावर मारली. खण्ण. “असो येय होतो. दर खेपेक तीनदाच रे, जयरामा.”

जयरामला आपला पहाटेचा चहा आठवला. तीन धप, मग रिंग.

“काकी,” तो म्हणाला, “मगे आधी कित्याक नाय सांगलंस?”

“इचारलंस माका?” काकी म्हणाली. “जगाक तीनदा इचारतंस. आज एकदा तरी इचारलंस?”

गौरजा दिवस कलताना आली. ‘मैत्रिणीच्या झोपडेत होतंय’ म्हणाली आणि हंड्यातल्या पाण्याने हात धुवायला बसली. चेंडूने तळवे काळे होतात, ते धुवायला तिला नेहमी वेळ लागे. त्या दिवशीही लागला. दुपारी काय घडलं ते तिला येता येता वाटेतच कळलं असणार, कारण तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. बापाने काही विचारलं नाही. त्याचं लक्ष तिच्या पायांकडे होतं.

डावा. डावाच असणार. उजव्या हाताची खेळाडू, उडी नेहमी डाव्या पायावर घेणारी. लहानपणापासून उंबरा डाव्या पायाने ओलांडते म्हणून आजीची बोलणी खाल्लेली. शिवेचा दगड काय वेगळ्या पायाने ओलांडणार होती?

आपलेच दात, आपलेच ओठ. जयराम झोपडीच्या मागे जाऊन बसला आणि सगळा हिशेब मनात मांडू लागला. गाऱ्हाणं उतरवायचा रस्ता एकच: गुन्हा करणाऱ्याने देवापुढे उभं राहून, गावादेखत, ‘तो पाय माझा’ म्हणायचं. मग तो पाय देवाचा. देव काय करायचं ते करील, पण भलत्याच्या वाटेला जाणार नाही. गौरजेने म्हटलं तर सोमवार गेला. दंड, पुन्हा कौल, पुन्हा बैठक, आठ दिवस तिला माळावरून हलू देणार नाहीत. आणि पुढे जन्मभर ती ‘गावपळण मोडलेली परबांची पोर’. नाही म्हटलं तर तो पाय तिच्या अंगाला चिकटलेला, आणि त्याच पायावर तिने पणजीत उडी मारायची.

देव वगैरे काही नसतं असं म्हणून सुटता आलं असतं. पण सात पिढ्या ज्याच्याशी बोलत आल्या, तो ऐकत नसेल असा संशय जयरामला कधी आला नव्हता. सगळ्या जगात तो एकच सुटला होता.

दिवेलागणीला धोंड्याजवळ धूप घालायला गाव जमला. जयराम पुढे झाला. नारळ हातात घेतला.

“दुपारचो पाय माझो,” तो म्हणाला.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

“काय बोलतंस?” गुरुप्रसाद पुढे आला.

“शिवेआत मी गेल्लंय.”

“कित्याक?”

जयरामने उत्तर तयारच ठेवलं होतं. “घराचा कुलूप बघूक.”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. पाठोपाठ अख्खा माळ. कुणाला पुरावा मागावासा वाटला नाही. जयराम परब देवाचा हुकूम मोडेल तर कुलूप ओढून बघायलाच मोडेल, यात शंका घेण्यासारखं होतं काय? आयुष्यभराचा बदलौकिक त्या संध्याकाळी त्याच्या कामी आला.

“आणि चेंडू?”

“शाळेचाय कुलूप बघलंय. थंय पडवेत चेंडू दिसलो. हवा आसा काय नाय म्हणान आपटलंय.”

“अर्धो तास?”

“संशय जाईना,” जयराम म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

गुरुप्रसाद मात्र हसत नव्हता. “मगे दुपारी इतक्या मोठ्यान गाऱ्हाणा घातलंस तां?”

“लपवूक,” जयराम म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज खरोखरच खाली गेला. “लोकांका कळूक नको म्हणान घातलंय.”

आता हसणं थांबलं. कुलूप बघणं एकवेळ चालून जातं. पण स्वतः गुन्हा करून, देवाला साक्षी ठेवून, दुसऱ्यावर गाऱ्हाणं घालायचं? परबांच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नव्हतं. एक म्हातारा जमिनीवर थुंकला.

गर्दीच्या मागे, सगळ्यांहून हातभर उंच, गौरजा उभी होती. तिचे ओठ उघडलेले जयरामला दिसले. ती आता बोलणार होती. त्याने तिच्याकडे बघितलं, गाडी सुटल्यावर धावत येणाऱ्याकडे बघायचा तसं, आणि तिचा शब्द बाहेर पडायच्या आत नारळ धोंड्यावर हाणला.

“डावो पाय माझो रे म्हाराजा! दुसऱ्या कोणाचो नाय!”

गाव गोंधळला. पण सवयीच्या तोंडाने शिक्का मारलाच. “व्हय म्हाराजा.”

रात्रीच्या आत बैठक झाली. सात पिढ्यांचा मान काढून घेणं हाच दंड धरला, आठ दिवस माळावर अडकवणं माफ केलं. गाऱ्हाण्याचा मान परबांच्या त्या घरातून निघून गुरुप्रसादकडे गेला. जयरामने मान हलवली आणि खांद्यावरचं उपरणं काढून भावाच्या हातात दिलं. झोपडीकडे जाताना जानकीकाकी पुटपुटली, “तुझो डावो पाय बरो उंच उडता रे, जयरामा.” त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

झोपडीत गौरजा पाठ करून बसली होती. “बाबा,” एवढंच म्हणाली.

“झोप,” तो म्हणाला. “सोमवारी पहाटेची गाडी पकडूची आसा.”

सोमवारी परतीचा कौल लागत होता तेव्हा जयराम परब पणजीच्या एस.टी.त खिडकीशी बसला होता. मानकरी असता तर जाता आलं नसतं. मान गेला म्हणून बाप मोकळा झाला, हे गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याला आपलं आपल्यालाच कसंतरी झालं.

चाचणीत बारा-तेरा मुली होत्या. पळणं झालं, पास झाले, उड्या झाल्या. जयरामने त्या चाचणीतलं काही बघितलं नाही, फक्त एक डावा घोटा बघितला. शेवटी प्रत्येकीला दहा फ्री थ्रो दिले. गौरजा रेषेवर आली, चेंडू हातात घेतला. जयरामचा घोट थांबला.

तिने चेंडू आपटला नाही. एकदाही नाही. छातीशी धरला, श्वास घेतला आणि टाकला. दहाच्या दहा वेळा, आवाज न करता. नऊ रिंगेत पडले.

आता तिचं नाव झालंय. दुसऱ्या हंगामात संघाची कप्तान, तिसऱ्यात परदेशातल्या क्लबाचं बोलावणं, कुडाळच्या चौकात तिचा फलक. समालोचक दर सामन्याला त्या मुक्या फ्री थ्रोचं कौतुक करतात. सगळं जग रेषेवर चेंडू आपटून हात मोकळा करतं, ही का नाही करत? एका मुलाखतीत तिला विचारलं तर म्हणाली, “घरी कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून.” विनीता मॅडमनासुद्धा तिने याहून जास्त सांगितलं नाही. बापलेकीतही त्या शनिवारचा विषय कधी निघाला नाही.

पहिल्या हंगामातल्या तिसऱ्या सामन्यात तिचा डावा घोटा मुरगळला होता. मोबाइलवर ते बघून जयराम जेवणाच्या ताटावरून उठला आणि रवळनाथाच्या देवळाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, “म्हाराजा, चुकीच्या घरात गेलंस.” गौरजा चौथ्या दिवशी पुन्हा खेळली. त्याच महिन्यात जयरामचा डावा गुडघा धरला. पहिल्या कळेला तो ओरडला, आणि दुसऱ्या कळेला, सुशीला शपथेवर सांगते, हसला.

यंदा मेमध्ये गौरजा आठ दिवस घरी आली. बाप काठी टेकत, भिंत धरत चालतो हे बघून तिने गोव्यातला डॉक्टर गाठला, फोटो काढून घेतले. डॉक्टर म्हणाले, गुडघा झिजलाय, बदलून टाकू, तीन महिन्यांत पळायला लागतील.

“नको,” जयराम म्हणाला.

“बाबा, डॉक्टरवर संशय आसा काय तुमचो?”

“डॉक्टर बरो आसा.”

“मगे पैशांचो इचार करतास?”

“नाय.”

“मगे काय?” ती चिडली. पंचांशी वाद घालणारी पोरगी ती. “इतकी कळ सोसतास, चलाक येणा नाय, आणि साधो गुडघो बदलूक नको? कित्याक?”

जयरामने दाराकडे बघितलं, सुशीला चुलीपाशी आहे ना याची खात्री केली, आणि मग लेकीकडे वळून अगदी हळू आवाजात, कुणी ऐकू नये असा, बोलला.

“तो काढलो तर जातलो खंय?”

गौरजा उभीच राहिली. मग सहा फूट दोन इंचांची ती बाई खाली जमिनीवर बसली, त्याचा डावा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि वाटीतलं खोबरेल गुडघ्यावर ओतून चोळू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते तेलात मिसळत होतं.

“बाये,” शेवटी जयराम तिचा हात धरून म्हणाला, “हळू चोळ. सुटात तो.”